खाली उभी राहणारी

पोल डान्स शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी उलटं लटकायचं असतं. कुणाचा तरी व्हिडिओ पाहिलेला असतो, त्यात ती बाई केस मोकळे सोडून पंख्यासारखी फिरत असते, आणि ही इकडे पायऱ्या चढून येतानाच मनातल्या मनात फिरायला लागलेली असते. मग वर आल्यावर वर्गाची बाई तिला काय शिकवते? उतरायला. पोल धर, पाय उचल, खाली ये. पुन्हा धर, पुन्हा खाली ये. सुरुवातीचे कितीतरी दिवस हेच. काही जणी कंटाळून सोडून जायच्या. ज्या टिकायच्या त्यांनी तिचं नाव पाडलं होतं उतरबाई. तिच्या मागे म्हणायच्या, पण हॉल एवढासा, त्यामुळे तिच्या मागे म्हटलेलं तिच्या पुढूनही ऐकू यायचं.

"म्हणू देत," ती म्हणायची. "चढलेली प्रत्येक बाई उतरतेच. कशी उतरते एवढाच प्रश्न असतो."

उतरबाई चाळिशी ओलांडलेली, बुटकी, रुंद खांद्यांची. नाचणारी बाई म्हणून कुणी तिच्याकडे बोट दाखवलं असतं तर लोकांना थट्टा वाटली असती. तिचा हॉल टायरच्या दुकानाच्या वर होता. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर जमीन गुरगुरायची, आणि दुपारच्या वर्गाला खिडकीतून रबराचा वास यायचा. दोन पोल, जमिनीपासून छताच्या लोखंडी तुळईपर्यंत, दोन्हींच्या पायथ्याशी जाड गाद्या, एका भिंतीला आरसा, दुसऱ्या भिंतीला बाक. एवढाच तिचा संसार, घरचा सोडून.

तिचे नियम मात्र संसारापेक्षा जास्त. वर्गाच्या दिवशी अंगाला क्रीम लावायचं नाही, कातडी निसरडी होते. अंगठ्या, कडी काढून ठेवायची. वर जाण्याआधी दर वेळी पोल कोरड्या फडक्याने पुसायचा. मनगटं आणि खांदे तापल्याशिवाय पाय उचलायचा नाही. एकच गोष्ट दोनदा करून झाली की तिसऱ्यांदा त्या दिवशी करायची नाही, कारण दमलेला हात दमलोय म्हणून आधी सांगत नाही, थेट सुटतो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खाली कुणीतरी उभं असल्याशिवाय उलटं व्हायचं नाही. वर जाणारीने मोठ्याने विचारायचं, "खाली कोण?" खालचीने म्हणायचं, "मी आहे." एकदा 'मी आहे' म्हटलं की खालचीने दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, दुसरीकडे बघायचं नाही, टायरच्या दुकानाला आग लागली तरी नाही.

"आणि झेलायला जाऊ नका," ती बजावायची. "वरून पडणारं माणूस झेलता येत नाही, दोघी मराल. एक हात खांद्यांखाली, एक कमरेला. मान वाचवायची. बाकी काही मोडलं तर जोडता येतं."

ही सगळी अक्कल ती आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती. ती या धंद्यात आली तीच मुळी नणंदेमुळे. नणंद घरातलं शेंडेफळ, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. उतरबाई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा बारकी शाळेत होती आणि तिच्या वेण्या घालायचं काम नव्या वहिनीकडे आलं होतं. पुढे बारकी सगळ्यांपेक्षा उंच झाली, पण नाव तेच राहिलं. वहिनी तेव्हा औषधांच्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या कामावर जायची, दिवसभर मान खाली, संध्याकाळी मान वर होत नसे. बारकीने कुठेतरी पोल डान्सची जाहिरात पाहिली आणि वहिनीला ओढत घेऊन गेली. "मान सुटेल तुझी," म्हणाली. घरी दोघींनी शिवणाच्या क्लासला जातो असं सांगितलं. वर्षभर अळीमिळी गुपचिळी. शेवटी एक दिवस नवऱ्याने बायकोच्या नडग्यांवरचे काळेनिळे डाग पाहिले आणि विचारलं, "शिवणकामात नडगीला कसं लागतं?"

नवरा लोखंडी जिने, कठडे, फाटकं बनवणारा. खरं कळल्यावर तो तावातावाने त्या क्लासमध्ये गेला. आता आकाशपाताळ एक करणार म्हणून दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या. पण त्याने नाचणाऱ्या बायकांकडे पाहिलंच नाही. तो पोलच्या पायथ्याशी उकिडवा बसला, बोल्ट हलवून पाहिले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे कुठल्या शहाण्याने बसवलंय?" एवढंच म्हणाला. पुढे बायकोने स्वतःचा हॉल घेतला तेव्हा दोन्ही पोल त्यानेच बसवले. दर आठवड्याला पाना घेऊन वर यायचा, पोलला कान लावून ठोकून बघायचा आणि जाताना म्हणायचा, "लोखंडाची जबाबदारी माझी. माणसांचं तुझं तू बघ."

माणसं बघायला वहिनी आणि बारकी दोघी होत्या, आणि दोघींची जोडी झकास होती. वहिनी भिंत बांधायची, नणंद तिला रंग द्यायची. पकड, खांदा, श्वास हे वहिनीचं. रेघ, वळण, बोटांची टोकं हे बारकीचं. बारकीला सुंदर काय ते लगेच दिसायचं आणि सुंदर नसलेलं तर त्याहून लगेच दिसायचं. बायकांचा ओढा तिच्याकडेच जास्त, हे सांगायला नकोच. जिला खाली उभं राहायची मुभा हवी तिची उतरबाई एक परीक्षा घ्यायची. स्वतः उलटी व्हायची आणि न सांगता पकड सोडायची. हात न लावता तयारीत उभं राहायचं आणि वेळेला बाईची मान वाचवायची. जमलं तर मुभा, नाही तर आणखी महिनाभर बघत बसा. ही परीक्षा तिने सगळ्यांची घेतली, फक्त बारकीची घेतली नाही. घरचीच आहे, तिची कसली परीक्षा? ही उतरबाईची चूक, आणि ती साधी नव्हती.

तिची लेक पडली ती या चुकीतून. लेक एकवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात नुकतीच कामाला लागलेली, संध्याकाळी वर्गाला यायची. त्या दिवशी उतरबाई दुसऱ्या पोलजवळ नव्या बायकांना घेऊन बसली होती. तिला लेकीचा आवाज ऐकू आला, "खाली कोण?" आणि आत्याचा, "मी आहे." सगळं रीतसर. लेकीने गुडघ्याची अढी पोलला घातली, टाच मांडीकडे ओढून घेतली, हात सोडले आणि ती उलटी झाली. आत्याचे हात जागेवर होते. मग आत्याला त्या अढी घातलेल्या पायाचा पंजा दिसला. ढिला, लोंबता, कुरूप. तिच्याच्याने राहवलं नाही.

"पंजा ताण गं, पंजा," ती म्हणाली आणि दाखवायला कमरेचा हात काढून तिने पंजाला लावला.

लेकीने पंजा ताणला. पंजा ताणला तशी टाच मांडीपासून लांब गेली, टाच गेली तशी अढी उघडली. खांद्यांखालचा हात होता म्हणून मान वाचली. कमरेला हात नव्हता म्हणून देह गरकन फिरला आणि सगळा भार तिच्या स्वतःच्या मनगटावर आला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. दुसऱ्या पोलजवळून उतरबाईने तो आवाज ऐकला.

नवऱ्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो हॉलवर गेला, त्या पोलचा एकेक बोल्ट तपासला आणि घरी येऊन म्हणाला, "लोखंड ठीक होतं." मग ताटावर बसला. जेवता जेवता खाली बघून म्हणाला, "बारकी आता तिथे येणार नाही. आणि इथेही नको." नणंदेची बाजू घ्यायला बायकोची जीभ उचलली नाही. तिला राग होताच, पण रागापेक्षा भीती मोठी होती, आणि ज्या पोरीच्या वेण्या घातल्या तिची भीती वाटते याची तिला आतून लाज वाटायची.

बारकी यायची थांबली. रोज एकदा भाचीला फोन करायची, "हात कसा आहे?" विचारायची, आणि उत्तर ऐकलं की ठेवून द्यायची.

प्लास्टर निघालं तेव्हा लेकीचा हात काडीसारखा झाला होता. व्यायाम सुरू झाला, हळूहळू मूठ घट्ट झाली, डॉक्टरांनी हो म्हटलं. मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आई, मला पुन्हा वर जायचंय."

"जाशील. मी खाली उभी राहते."

"तू नको. आत्या."

उतरबाईच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. "डोकं फिरलंय का तुझं?"

"तू खाली असलीस की मी पडणारच असं वाटतं. तुझं तोंडच तसं असतं," लेक म्हणाली. मग थट्टा सोडून म्हणाली, "आत्या आली नाही तर मी पडले एवढंच राहील, आई. तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. मला तसं नकोय."

दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर पोरगी तेच दूध पुन्हा मागत होती. उतरबाई रात्रभर तळमळली आणि सकाळी म्हणाली, "ठीक आहे. पण आधी मी. तिची परीक्षा राहिलीय, ती घेते. माझी मान तिने वाचवली तर तू वर जा. नाही वाचवली तर पुन्हा तिचं नाव काढायचं नाही."

नवऱ्याला दोघींनी सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर त्याने पोलच उपटून आणला असता.

रविवारी टायरचं दुकान बंद होतं. खालून गुरगुर नाही, आवाज नाही, हॉल एरवीपेक्षा मोठा वाटत होता. बारकी चपला दाराबाहेर काढून आत आली. वाळली होती. तिने भाचीचं मनगट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि चटका बसल्यासारखं सोडून दिलं.

"वहिनी, हे कशाला करतेयस? मी येणारच नाहीये परत. तुझी पोर ऐकत नाही म्हणून आले."

"बोलू नकोस. मनगटं फिरव, खांदे फिरव, आणि उभी राहा."

लेक बाकावर बसली. उतरबाईने पोल पुसला, गादीवर आणखी एक गादी ओढली, हाताने दाबून बघितली. तिने हे कितीतरी बायकांसाठी केलं होतं आणि प्रत्येक वेळी हसत केलं होतं. आज हसू फुटलं नाही. मोठी उंची नव्हती, तिची कंबर बारकीच्या छातीपर्यंत येईल एवढीच. पण मान मोडायला तेवढी पुरते.

"खाली कोण?"

"मी आहे."

तिने हात वर धरले, पाय उचलले, अढी घातली, टाच ओढून घेतली. मग दोन्ही हात सोडले आणि ती उलटी झाली. जग उलटं झालं. बारकीची हनुवटी, तिच्या गळ्याची हलणारी शीर, अंगापासून बोटभर लांब धरलेले दोन तळवे. बारकीचे डोळे वहिनीच्या कमरेवर रोखलेले होते, हलत नव्हते. सगळं बरोबर होतं. आता फक्त टाच ढिली करायची. एवढंच.

टाच ढिली होईना. सोड, ती स्वतःला म्हणाली. गुडघा ऐकेना. उलट तो आणखी आवळला, कातडी जळायला लागली. मनात सारखं एकच येत होतं, ही पंजाकडे बघेल. आत्ता नाही बघत आहे, पण मी सोडलं की नेमकी तेव्हाच बघेल. डोक्यात रक्त उतरून कानात ठोके पडायला लागले. शेवटी तिने हात वर नेऊन पोल धरला आणि रीतसर, एकेक करून, खाली आली.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"घाम आलाय," ती म्हणाली आणि पोल पुसायला लागली. घाम आला होता हे खरं, पण कारण ते नव्हतं, आणि हॉलमधल्या तिघींनाही ते कळत होतं.

दुसऱ्यांदा ती आणखी जास्त वेळ लटकली. बारकीचे वर धरलेले हात थरथरायला लागले, पण तिने ते खाली घेतले नाहीत. वहिनीने डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं, श्वास सोडून पाहिला. आयुष्यभर बायकांना सांगत आली, खालचीवर भरवसा ठेव, शरीर सैल सोड. सांगायला काय जातं? तिचं स्वतःचं शरीर दगड होऊन बसलं होतं. ती पुन्हा उतरली. या वेळी तिने कुणाकडे बघितलं नाही.

"वहिनी, पुरे आज," बारकी हळूच म्हणाली. "दोनदा झालं. गुडघ्यामागे लालभडक झालंय."

"पुन्हा उभी राहा."

"तिसऱ्यांदा नाही करायचं. तुझाच नियम आहे."

"मला शिकवू नकोस," उतरबाई एकदम कडाडली. इतक्या वर्षांत ती नणंदेशी अशी बोलली नव्हती. "हा वर्ग कुणाचा आहे?"

"तुझा."

"मग उभी राहा."

"आई, अगं..." लेक बाकावरून उठली.

"तू बस खाली."

राग आला की उतरबाईचे नियम खिडकीतून उडून जातात हे त्या दिवशीच कळलं, आणि ते सगळ्यात आधी तिलाच कळायला हवं होतं. तिने पोल पुसला नाही. हात झटकले नाहीत. "खाली कोण?" म्हणाली ती भांडल्यासारखी, आणि "मी आहे" यायच्या आधीच तिचे पाय जमिनीवरून सुटले होते.

"मी आहे," बारकी म्हणाली.

तिसऱ्यांदा उलटी झाल्यावर तिने प्रयत्नच केला नाही. लटकल्या लटकल्या तिला साफ कळून चुकलं की आपण सोडणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. आता उतरायचं, घाम पुसायचा आणि हिला सांगायचं की नाही बाई, जमणार नाही, तू नको येऊस. पोरीला सांगायचं की दुसरी कुणी बघू. ठरलं. ठरल्यावर तिला हायसंही वाटलं. तिने पोल धरायला हात वर नेला, आणि नेमकी त्याच क्षणी घामाने चिंब झालेली अढी निसटली.

पडताना विचार करायला वेळ मिळतो असं जे सांगतात ते कधी पडलेले नसतात. छत फिरलं. मानेखाली काहीतरी घट्ट आलं, कमरेला जोराचा हिसका बसला, पाय कुठून तरी खाली आले, आणि ती पाठीवर आपटली ती गादीवर नाही, गादीपेक्षा पुष्कळ हाडकुळ्या कशावर तरी. खाली बारकी होती. बारकीचं एक कोपर गादीच्या बाहेर जमिनीवर आदळलं होतं. तिचा एक तळवा अजूनही वहिनीच्या मानेखाली होता आणि दुसरा कमरेला.

लेक धावत आली. "आई? आई, हलू नकोस. मान हलव. नको, हलवू नको."

"ठरव आधी," उतरबाई पुटपुटली. तिने बोटं हलवली, पाय हलवले, मग मान. सगळं हललं. बारकी मात्र तिला सोडेना. ती तशीच खाली पडून धापा टाकत होती. मग म्हणाली, "वहिनी, सोडलंस की निसटलीस?"

एका शब्दाचं काम होतं. 'सोडलं' म्हटलं की सगळं गोडीगुलाबीत मिटलं असतं. वहिनीने भरवसा ठेवला, नणंद पास झाली, पोरगी खूश, घर पुन्हा एक. उतरबाईच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण ज्या हाताने आपली मान आत्ता वाचवली त्याच हातावर डोकं ठेवून खोटं बोलायचं तिच्याच्याने झालं नाही.

"निसटले," ती म्हणाली. "सोडणारच नव्हते. उतरून तुला नाही म्हणणार होते."

"कळलं होतं मला."

"कधी?"

"तुझा हात पोलकडे निघाला तेव्हा. सोडणारी पोलला हात घालत नाही. म्हणून मी एक पाऊल आत आले. तू चिडलेली होतीस, दमलेली होतीस, घाबरलेलीही होतीस."

"मग राग नाही आला तुला? एवढा वेळ हात वर धरून उभी राहिलीस आणि मी तुला हाकलणार होते."

"आला की," बारकी म्हणाली. "पण तुझी मान माझ्या हातात होती. राग नंतर काढू म्हटलं."

उतरबाई रडली. एरवी ती रडणाऱ्यातली नव्हती, पण त्या दिवशी गादीवर बसून, लेकीसमोर, नाक ओढत रडली. लेक पडल्यापासून साठलेलं सगळं बाहेर आलं, भीती, राग, आणि जी परीक्षा वेळेवर घेतली नाही तिची टोचणी. लेकीने कोरडं फडकं दिलं, पोल पुसायचं, तेच तिने तोंडाला लावलं.

"आता माझी पाळी," लेक म्हणाली.

"आज नाही," बारकी उठून कोपर चोळत म्हणाली. "आज इथे कुणाचेच हात ताजे नाहीत. मंगळवारी ये. आणि वहिनी, तू पोल पुसला नव्हतास. वर जायच्या आधी माझं 'मी आहे' सुद्धा ऐकलं नाहीस. माझ्या वर्गात कुणी असं केलं तर मी तिला घरी पाठवेन."

वहिनीने मान डोलावली. लेक म्हणाली, "आई, तू येशील ना मंगळवारी?"

"नाही येणार. मी तिथे असले तर तू खाली बघण्याऐवजी माझ्याकडे बघशील. आणि तुझी आत्यासुद्धा."

मंगळवारी संध्याकाळी ती घरी बसली. वर्ग सोडून घरी बसायची तिला सवय नव्हती. तिने ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. नवरा एका फाटकाची कडी कानशीने घासत बसला होता.

"आज वर्ग नाही?"

"आहे. बारकी घेतेय."

कानस थांबली. "पोर कुठेय?"

"तिथेच."

त्याने कडी खाली ठेवली, हात पुसले आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ओढली. मग दोघंही बसून राहिली. रस्त्यावर कुणाचीही पावलं वाजली की तो अर्धा उठायचा आणि पुन्हा बसायचा. जेवणाची वेळ टळून गेली. तिला वाटलं, फोन करावा. त्यालाही तेच वाटलं असावं, कारण दोघांचाही हात एकाच वेळी टेबलावरच्या फोनकडे गेला आणि दोघांनीही मागे घेतला.

मग दार वाजलं. लेक आत आली, केस विस्कटलेले, गुडघ्यामागे लाल चट्टा, दोन्ही मनगटं जागच्या जागी, आणि तोंडभर हसू. तिच्या मागे बारकी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. बाह्या वर सरकवलेल्या होत्या आणि एक कोपर सुजून निळं पडलं होतं.

भाऊ त्या कोपराकडे बघत राहिला. "काय लागलं ते?"

पोर पडल्यापासून तो बहिणीशी बोललेला हा पहिला शब्द होता.

"वहिनी पडली रविवारी," बारकी म्हणाली. "मी खाली होते."

त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिने फडकं घट्ट धरलं.

"तू पडलीस?"

"पडले. उलटी होते तेव्हा."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग मानेकडे पाहिलं, पोल ठोकून बघताना बघायचा तसं, सावकाश. काय विचारायचं ते त्याने विचारलं नाही, कारण उत्तर त्याच्यासमोर धडधाकट उभं होतं. तो उठला, आपली खुर्ची टेबलाजवळ नेली आणि बहिणीला म्हणाला, "दारात काय उभी राहिलीस? ये, बस जेवायला."